नागपूरची नभोवाणी : मनोरा गावात, मालकी परगावी

आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या प्रक्षेपणासाठी नागपूरची निवड करण्यात आली होती. १५६६ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीवरचा १००० किलोवॉट, म्हणजे एक मेगावॉट शक्तीचा प्रक्षेपक येथून रात्रभर चालत असे. निवडीमागचे कारण सरळ होते. नागपूर देशाच्या मध्यभागी आहे आणि मध्यम लहरी सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन फार दूरवर पोहोचतात. एकाच ठिकाणाहून देशाचा बहुतेक भाग कवेत घ्यायचा, तर याहून सोयीची जागा नव्हती. कार्यक्रम मात्र दिल्लीहून येत. जानेवारी २०१९ मध्ये ही वाहिनी बंद झाली. तीस वर्षे नागपूरच्या मातीतून देशभर जाणाऱ्या या आवाजात नागपूरचे असे फारसे काही नव्हते. शून्य मैलाच्या दगडाचा अभिमान बाळगणाऱ्या शहराला आपल्या मध्यवर्तीपणाचे हे असेही फळ मिळाले.

एखादे रेडिओ केंद्र गावात असले म्हणजे ते गावाचे असतेच असे नाही. प्रक्षेपक कोठे आहे, मालक कोण आहे, कार्यक्रम कोण ठरवतो आणि रात्री दोन वाजता स्टुडिओत माणूस असतो की नाही, हे चार स्वतंत्र प्रश्न आहेत. अमेरिकेतील लहान शहरांत या चारही प्रश्नांचे उत्तर दीर्घकाळ एकच असे. गावातील एखादे कुटुंब वा छोटी कंपनी परवाना घेई, गावातच स्टुडिओ उभारी, गावातल्याच दुकानांच्या जाहिराती मिळवी आणि आपल्या श्रोत्यांना आवडेल असा एकच संगीतप्रकार दिवसभर वाजवी. 'क्लासिक रॉक' हा अशा केंद्रांचा एक लोकप्रिय साचा. साठच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकाच्या आरंभापर्यंतचे लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, ईगल्स यांसारख्या वाद्यवृंदांचे संगीत, आणि ते ऐकत मोठा झालेला, आता कमावता असलेला श्रोता, हे त्याचे गणित. फ्रेड जेकब्स या सल्लागाराने १९८५ मध्ये मिशिगन राज्यातील लान्सिंग या मध्यम आकाराच्या शहरात या साच्याचे केंद्र उभे केले आणि पुढे तो देशभर पसरला. आपल्याकडे त्याला सर्वांत जवळचे काही असेल, तर ते 'विविध भारती'वरचे 'भूले बिसरे गीत'. तरुणपणीचे गाणे पुन्हा कानी पडावे ही ओढ दोन्हीकडे सारखीच आहे. तेथे मात्र त्या ओढीवर एका लहान गावाचे अख्खे केंद्र चालू शकले.

भारतात, आणि विशेषतः नागपूरसारख्या शहरात, ते का घडले नाही याचे उत्तर येथील नभोवाणीच्या इतिहासात आहे.

राजधानीचे केंद्र

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली अशी आकाशवाणीची सहाच केंद्रे आली. सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे गृहखात्याबरोबरच माहिती व नभोवाणी खातेही होते. त्यांच्या कारकिर्दीत प्रत्येक भाषिक प्रदेशाला निदान एक केंद्र देण्याची योजना झपाट्याने राबवली गेली. त्या योजनेत नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पुण्याला आकाशवाणी येण्यास २ ऑक्टोबर १९५३ हा दिवस उजाडावा लागला. नागपूरला हा मान आधी मिळाला याचे कारण त्या वेळी ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे राजधानीचे शहर होते.

राजधानीचे म्हणूनच हे केंद्र दुभाषी होते. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा त्याच्या अंगणात नांदत. मराठी मातृभाषा असलेले, पण आधुनिक हिंदी कवितेत युगप्रवर्तक ठरलेले गजानन माधव मुक्तिबोध यांनी पन्नासच्या दशकात काही काळ याच केंद्राच्या वृत्तविभागात नोकरी केली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत आणि नागपुरातच प्राध्यापक होते. एका घरातील दोन भाऊ दोन भाषांचे कवी व्हावेत, असे त्या काळच्या नागपूरचे वातावरण होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. सिव्हिल लाइन्समधील आकाशवाणी केंद्र मात्र राहिले. ५८५ किलोहर्ट्झवरील त्याचे ३०० किलोवॉटचे प्रक्षेपण पुढे विदर्भाच्या कानाकोपऱ्यात, धानाच्या आणि कापसाच्या दोन्ही पट्ट्यांत ऐकले जाऊ लागले. शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, प्रादेशिक बातम्या, लोकसंगीत आणि शास्त्रीय गायन हा त्याचा रोजचा आहार होता.

सरकारी केंद्रही गावाचे होऊ शकते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा दाखला पुण्याचा आहे. पुणे केंद्र सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झाले असताना १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, तेथून 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांनी आठवड्याला एक गीत लिहावे, सुधीर फडके यांनी त्याला चाल लावावी आणि ते ठरल्या वेळी हवेत जावे, असा क्रम वर्षभर चालला आणि ५६ गीते झाली. केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड आणि माडगूळकर यांची मैत्री त्यामागे होती. दिल्लीच्या कोणत्याही परिपत्रकाने हे घडवलेले नाही. केंद्राचा निर्माता, कवी आणि संगीतकार एकाच शहरात राहतात, एकमेकांच्या घरी येतात-जातात, आणि कार्यक्रम सुरू करण्याचा अधिकार त्या निर्मात्याच्या हातात असतो, तेव्हा असे काही घडण्याची शक्यता निर्माण होते. अर्थात अशी शक्यता सरकारी चौकटीत व्यक्तीवर अवलंबून राहते. अधिकारी बदलला की केंद्राचा स्वभावही बदलतो.

गाण्यांची बंदी आणि सिलोनची वाट

त्याच सुमारास दिल्लीहून आलेल्या एका धोरणाने देशभरातील सर्वच केंद्रांचा स्वभाव बदलून टाकला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणकार आणि चित्रपटगीतांविषयी नाराज. चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला आणि गाणे लावताना चित्रपटाचे नाव घेणे ही जाहिरात ठरवून तेही थांबवण्यात आले. निर्मात्यांनी मग गाण्यांचा परवानाच काढून घेतला. श्रोता आपल्या वाटेने गेला. त्याने सुई रेडिओ सिलोनवर नेली. ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेली अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन त्या नागपूरच्या महाल-इतवारीतील घरांत पोहोचत. नागपूरच्या श्रोत्याची आवड सांभाळणारे केंद्र समुद्रापलीकडे होते!

शासनाला हे कळायला पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. तिच्यावर जाहिराती यायला आणखी दहा वर्षे गेली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी आकाशवाणीची व्यापारी सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात मुंबई आणि पुण्याबरोबर नागपूरचाही समावेश होता. सरकारी नभोवाणीवर साबणाची किंवा दंतमंजनाची जाहिरात देशात सर्वप्रथम ज्या शहरांनी ऐकली, त्यांत नागपूर आहे, ही गोष्ट आज फार थोड्यांना ठाऊक असेल. पुढे 'विविध भारती' १००.६ मेगाहर्ट्झ या एफएम लहरीवर आली आणि नागपूरकरांना खरखरीविना गाणी ऐकू येऊ लागली. गाण्यांची निवड मात्र बव्हंशी मुंबईतच होत राहिली.

लहरींचा लिलाव

'आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही', असा आशय असलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेशी झालेल्या वादातून तो आला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे होते. १८८५ च्या तार कायद्याने सरकारच्या मुठीत असलेली हवा त्यामुळे निदान तत्त्वतः मोकळी झाली. न्यायालयाला अपेक्षित होते ते जनतेच्या वतीने काम करणारे स्वायत्त नियामक मंडळ. प्रत्यक्षात आला तो लिलाव.

पहिल्या टप्प्यात, १९९९-२००० मध्ये, ४० शहरांतील १०८ वाहिन्या विक्रीस काढल्या गेल्या. बोली लावणाऱ्यांनी उत्साहाच्या भरात मोठमोठे आकडे मांडले. त्यात परवाना शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होते. परिणाम व्हायचा तोच झाला. १०८ पैकी जेमतेम वीस-बावीस वाहिन्या प्रत्यक्षात सुरू झाल्या. बाकीच्या कागदावरच राहिल्या. हा धडा घेऊन २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे धोरण आले. एकदाच भरायचे प्रवेश शुल्क आणि पुढे उत्पन्नाच्या चार टक्के वाटा, अशी तुलनेने सुसह्य व्यवस्था झाली. ९१ शहरांतील ३३८ वाहिन्यांचे लिलाव २००६ च्या आरंभी सुरू झाले. वीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या 'अ' वर्गातील शहरांत नागपूरची गणना झाली.

नागपूरला त्यानंतर 'रेडिओ मिर्ची', 'माय एफएम', 'रेडिओ सिटी', 'रेड एफएम' अशी नावे ऐकू येऊ लागली. 'मिर्ची' मुंबईच्या टाइम्स समूहाची, 'माय एफएम' भोपाळमधून विस्तारलेल्या भास्कर समूहाची, 'रेड'मागे चेन्नईचा सन समूह, आणि 'रेडिओ सिटी' पुढे उत्तर प्रदेशातील जागरण समूहाकडे गेली. निवेदक नागपूरचे होते, त्यांच्या बोलण्यात नागपुरी हिंदीचा ठसका होता, संत्र्यापासून सावजी रश्श्यापर्यंत गावाच्या साऱ्या खुणा त्यात येत. याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, कारण सरकारी नभोवाणीच्या बेतशीर भाषेत या खुणा क्वचितच उमटल्या होत्या. परंतु कोणते गाणे दिवसातून किती वेळा वाजवायचे, हा निर्णय शहराबाहेर होई.

वृत्तपत्रांशी तुलना केली, तर हा फरक अधिक ठळक होतो. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'हितवाद'पासून नागपूरला स्वतःच्या वृत्तपत्रांची शंभर वर्षांची परंपरा आहे. येथे वाढलेली दैनिके पुढे राज्यभर गेली. वृत्तपत्र काढण्यासाठी नोंदणी पुरते. रेडिओ केंद्र काढण्यासाठी लहर विकत घ्यावी लागते, आणि लहरी मोजक्याच आहेत.

सगळीकडे तीच गाणी का?

लहरी किती मोजक्या, याचेही एक तांत्रिक कारण आहे. एफएमसाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ असा वीस मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. एकाच शहरातील दोन केंद्रांमध्ये आपल्याकडे ८०० किलोहर्ट्झचे अंतर राखले जाते. हे अंतर ४०० किलोहर्ट्झवर आणावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केली होती. अंतर मोठे ठेवायचे, त्यातून आकाशवाणीसाठी काही जागा राखायची, शेजारच्या शहरांशी टक्कर टाळायची, असे करता करता मोठ्या शहराच्या वाट्यालाही खासगी वाहिन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच येतात.

वाहिन्या थोड्या असल्या की त्या एकमेकींची नक्कल करतात. पीटर स्टायनर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच याची मांडणी केली होती. समजा, एका शहरात १०० श्रोते आहेत. त्यांतील ८४ जणांना नवी हिंदी चित्रपटगीते हवी आहेत आणि १६ जणांना दुसरे काही. नाट्यसंगीत म्हणा, गझल म्हणा किंवा रॉक म्हणा. पहिले केंद्र साहजिकच चित्रपटगीते लावील. दुसरेही तेच करील, कारण ८४ चे निम्मे ४२ होतात आणि ते १६ पेक्षा बरेच जास्त. तिसऱ्याला २८ मिळतील, चौथ्याला २१. पाच केंद्रे झाली तरी प्रत्येकाच्या पदरात १६.८ पडतात. सहाव्या केंद्राला मात्र चित्रपटगीतांतून १४ च मिळणार, म्हणून ते उरलेल्या सोळांकडे वळेल. म्हणजे नाट्यसंगीताच्या वा रॉकच्या चाहत्याला सहाव्या केंद्राची वाट पाहावी लागते. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. पण सुई फिरवली तरी गाणे बदलत नाही, ही नागपूरच्या श्रोत्याची नेहमीची तक्रार या हिशेबाने उलगडते. त्यात कोणाच्या अभिरुचीचा दोष शोधण्याची गरज नाही.

स्टायनरच्या मांडणीचा दुसरा भाग अधिक अडचणीचा आहे. दोन वाहिन्या एकाच मालकाच्या असतील, तर तो दुसरीवर वेगळे संगीत लावील, कारण स्वतःचेच श्रोते फोडण्यात त्याला लाभ नाही. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका शहरातील ४० टक्क्यांपर्यंत वाहिन्या एका मालकाला घेण्याची मुभा दिली. निदान तीन वेगवेगळे मालक असावेत, एवढीच अट. २०१५ च्या लिलावानंतर त्याचा परिणाम दिसला. 'फिव्हर' चालवणाऱ्या समूहाने २०१६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत जुन्या गाण्यांची 'रेडिओ नशा' ही वेगळी वाहिनी काढली. जुन्या गाण्यांच्या रसिकाला हवे ते मिळाले, पण ते मोठ्या मालकाने अधिक मोठे होण्यातून. त्याच धोरणाने एका समूहाच्या सर्व शहरांतील वाहिन्यांना एकच कार्यक्रम जोडून लावण्यासही परवानगी दिली. संगीतातील विविधता आणि गावचा आवाज या दोन गोष्टी एकाच मार्गाने येतात असे नाही, हे यावरून दिसते.

लहान केंद्राच्या अडचणी लहर मिळाल्यावरही संपत नाहीत. वाजवलेल्या प्रत्येक गाण्याचे मानधन ध्वनिमुद्रिका कंपन्यांना द्यावे लागते. आरंभी हे दर तासावर ठरत, आणि केंद्राचे उत्पन्न काहीही असो, गाण्याची किंमत तेवढीच राही. दीर्घ कोर्टकज्ज्यानंतर २५ ऑगस्ट २०१० रोजी कॉपीराइट मंडळाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के असा दर ठरवला. छोट्या शहरांतील केंद्रे त्यामुळे तगली. त्या आदेशाची मुदत ३० सप्टेंबर २०२० रोजी संपली आणि त्याच वर्षअखेरीस पुन्हा तासावर आधारलेली दरपद्धती आली. ज्या केंद्राची जाहिरात गावातला सराफ आणि कापडदुकानदार देतो, त्याला हा फरक महानगरातील केंद्रापेक्षा अधिक जाणवतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

बातम्यांविना केंद्र

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास भारतात मनाई आहे. तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावण्याची सवलत मिळाली आणि वाहतूक, हवामान, परीक्षांची माहिती, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती असे विषय 'बातमी नव्हे' असे मानून मोकळे करण्यात आले. ही बंदी उठवावी यासाठी 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. बंदीचा एक परिणाम सहसा चर्चेत येत नाही. बातमी द्यायचीच नसेल, तर वार्ताहर नेमायचे कारण नाही. वार्ताहर नसेल, तर रात्री स्टुडिओत जागे राहण्याचेही कारण नाही. संगणकात भरून ठेवलेली गाणी पहाटेपर्यंत आपोआप वाजत राहतात.

हे किती महाग पडू शकते, याचे उदाहरण पुन्हा अमेरिकेतील लहान शहराचेच द्यावे लागते. तेथील संसदेने १९९६ मध्ये एका मालकाने देशभरात किती केंद्रे घ्यावीत यावरील मर्यादा काढून टाकली. पूर्वी ही मर्यादा चाळीस केंद्रांची होती. काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे गेली. नॉर्थ डकोटा राज्यातील मायनॉट गावाची सहाही व्यापारी केंद्रे त्यांत होती. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर या गावाजवळ मालगाडी रुळांवरून घसरली आणि अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर आला. पोलिसांनी लोकांना सावध करण्यासाठी रेडिओ केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. बराच वेळ कोणी मिळाले नाही. एकाचा मृत्यू झाला, शेकडो लोकांना बाधा झाली. आपत्कालीन इशाऱ्याची यंत्रणा पोलिसांनीच नीट वापरली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य नसेलच असे नाही. तरीही गावात सहा केंद्रे असून रात्री फोन उचलायला माणूस सापडू नये, ही गोष्ट तेथील माध्यमधोरणाच्या चर्चेत वर्षानुवर्षे दाखला म्हणून येत राहिली.

नागपूरला २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या दरम्यानची रात्र अशीच आली. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट आणि लगतच्या वस्त्यांत शिरले. लोक झोपेत होते. वीज जाते, मोबाइलची बॅटरी उतरते. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ हे आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन आहे. मात्र त्यावर बोलणारा माणूस त्याच शहरात, त्याच पावसात जागा असावा लागतो. कोणत्या गल्लीत पाणी चढते आहे, हे दुसऱ्या शहरातून सांगता येत नाही.

जवळची उदाहरणे

स्थानिक मालकीचे केंद्र महाराष्ट्रात अजिबात उभे राहिले नाही असे नाही. कोल्हापुरात 'पुढारी' या १९३९ पासूनच्या दैनिकाच्या समूहाने दुसऱ्या टप्प्यात परवाना घेतला आणि ९४.३ मेगाहर्ट्झवर 'टोमॅटो एफएम' सुरू केले. गावातल्याच वृत्तपत्राने काढलेले, गावाच्याच बोलीत बोलणारे हे केंद्र. त्याला मुळात आधार होता तो छापील पत्राच्या जाहिरातदारांचा आणि वितरणाच्या जाळ्याचा. तो नसलेल्या नवख्या माणसाला हे कितपत जमले असते, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. संगीताच्या बाबतीत वेगळी वाट दिसते ती गोव्यात. बंगळुरूच्या 'रेडिओ इंडिगो'ने तेथे इंग्रजी गाण्यांचे केंद्र काढले. पर्यटक आणि पाश्चात्त्य संगीताची जुनी परंपरा या दोहोंमुळे पणजीसारख्या छोट्या शहरात तसे केंद्र उभे राहिले. त्याची मालकी मात्र गोव्याची नव्हती. एका ठिकाणी मालकी गावची, दुसऱ्या ठिकाणी संगीत वेगळे; दोन्ही गोष्टी एकत्र असलेले केंद्र शोधू गेल्यास हाती येते ते सामुदायिक नभोवाणीचे छोटेखानी जग.

डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी', बारामतीची 'वसुंधरा वाहिनी', साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' ही त्याची महाराष्ट्रातील परिचित नावे. लहर लिलावाविना मिळते. पण प्रक्षेपणाची शक्ती शंभर वॉटच्या आत, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा आणि जाहिरातीला तासामागे मोजकी मिनिटे. केवळ गाणी वाजवण्यासाठी हा परवाना मिळत नाही आणि व्यक्तीला तर मिळतच नाही. इंटरनेटवर केंद्र काढायला लहर लागत नाही, त्यामुळे हौशी मंडळी तिकडे वळली. तेथे अडते ते गाण्यांच्या हक्कांपाशी, आणि वीज गेलेल्या रात्री तर ते केंद्र घरोघर पोहोचतच नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. त्यांची एकत्रित राखीव किंमत ७८४ कोटी ८७ लाख रुपये, म्हणजे सरासरी वाहिनीमागे एक कोटी सात लाखांच्या आसपास. विदर्भातील चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ, गोंदिया आणि अचलपूर ही शहरे त्या यादीत होती. झाडीपट्टीच्या नाटकांतील पदे, दंडार, खडी गंमत, वऱ्हाडी बोलीतील किस्से असा ऐवज या शहरांभोवती विखुरलेला आहे आणि तो हवेत आणण्याइतका पैसा तेथील व्यापाऱ्यांकडे नाही असेही नाही. त्यांनी बोलीला उतरावे की मोठ्या समूहांसाठी वाट मोकळी सोडावी, हे राखीव किमतीपेक्षा गाण्यांचा दर आणि बातम्यांची बंदी यांवर अधिक ठरेल.

नागपूरपुरता विचार केला, तर तिढा सुटण्याची एक तांत्रिक शक्यता अलीकडे पुढे आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी डिजिटल रेडिओसंबंधी शिफारशी केल्या. चार महानगरे आणि 'अ' वर्गातील नऊ शहरे अशा तेरा ठिकाणी त्याचा आरंभ व्हावा, असे त्यांत सुचवले आहे, आणि नागपूर त्या नऊ शहरांत आहे. या पद्धतीत एकाच लहरीवर सध्याचे एफएम प्रक्षेपण चालू ठेवून त्याच्या जोडीला तीन डिजिटल वाहिन्या देता येतात. स्टायनरच्या हिशेबातील सहावे केंद्र त्यामुळे एकाएकी आवाक्यात येते. मात्र वाढलेल्या वाहिन्या त्याच मालकांच्या असतील, आणि त्या ऐकण्यासाठी श्रोत्याला नवा संच किंवा तशी सोय असलेला मोबाइल घ्यावा लागेल.